पाण्याचा थेंब नाही

लोणावळ्यात कॉफी कुठे चांगली मिळते ते मला विचारा. हसू नका. म्हातारी झाले, पांढरं नेसते, म्हणून हिला हॉटेलांतलं काय कळतंय, असं मी ज्याच्याकडे राहते त्या चुलतभावाच्या सुनांना वाटतं. त्यांचा जन्मही झाला नव्हता तेव्हा मी लोणावळ्याची दुकानं पालथी घातली आहेत, आणि तीही बाकावर बसून नव्हे, तर दारात उभं राहून, दुसऱ्याच्या चुलीवर नजर ठेवून. कोण कॉफीची पूड जाळून कोळसा करतो, कोण जायफळ नुसतं सहाणेला दाखवून परत डब्यात टाकतो, कोणाच्या पातेल्याला कालच्या दुधाचा वास येतो, हे मी आजही एका दमात सांगेन.

माझ्या आवडीची ठिकाणं तीन. पहिलं लोणावळ्यातलं नव्हेच, वाटेवरच्या तळेगाव स्टेशनाबाहेरचं, पत्र्याखालचं. तिथली कॉफी बेतास बात, पण थंडीत शेगडीजवळ उभं राहू द्यायचे. दुसरं लोणावळ्याच्या कोपऱ्यावरच्या इराण्याचं. संगमरवरी टेबलं, भिंतीभर आरसे, बायकामाणसांसाठी पडद्याआड वेगळी जागा, आणि पाव भाजल्याचा असा वास की भरल्या पोटी भूक लागावी. तिथे मी त्या काळात पाऊलही ठेवलं नव्हतं. तरी ते माझ्या आवडीचं होतं, त्याला कोणाचा इलाज नाही. आणि तिसरं बाजाराच्या मागच्या आळीतलं, काका-काकूंचं. त्याची गोष्ट सांगायला बसले आहे.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ती दोन-तीन वर्षं. आमचे वडील इंदुरीचे जोशी. पंचांग सांगायचं, लग्नमुंजी लावायच्या, घरोघरी पूजा सांगायच्या. आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू. आई मी लहान असतानाच गेली होती. मी सोळाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आले, तेव्हा नात्यातल्या शहाण्या माणसांनी न्हाव्याला बोलावणं पाठवलं होतं. आप्पांनी त्याला पानसुपारी देऊन दारातूनच परत पाठवलं. म्हणाले, "माझ्या घरात माझ्या मुलीच्या केसाला हात लागायचा नाही." त्यावर वर्षभर आम्हाला कोणी जेवायला बोलावलं नाही. आप्पांना त्याचं काही वाटलं नाही. पण हेच आप्पा स्वतःच्या बाबतीत इतके सोवळे की बाहेरचं पाणी ओठाला लावायचे नाहीत. दुसऱ्याला सूट आणि स्वतःला जाच, असा त्यांचा हिशेब.

त्यांचा डावा डोळा लहानपणी बाभळीच्या काट्याने गेला होता. उजव्यावर सगळा संसार. त्या उजव्यात मोतीबिंदू झाला. आधी पंचांगातली बारीक अक्षरं गेली, मग मोठी गेली, मग समोरचा माणूस आवाजावरून ओळखायची वेळ आली. तिथी-नक्षत्र मी वाचून दाखवायची आणि ते लोकांना सांगायचे. गावात कुजबुज सुरू झाली की मुहूर्त भटजी काढतात की त्यांची बोडकी न केलेली लेक. एक-दोन घरांनी लग्नाला वडगावचा भटजी आणला. आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. डोळा परत आला नाही तर जोशीपण जाणार आणि जोशीपण गेलं तर आम्हा दोघांना विचारणारं कोणी नाही, हे दोघांनाही कळत होतं.

मुंबईचे एक डोळ्यांचे डॉक्टर हवेसाठी लोणावळ्याला येऊन राहिले होते. बंगल्याच्या पडवीत चार खाटा टाकून ते तिथेच मोतीबिंदू काढायचे. त्यांनी आप्पांचा डोळा बघितला आणि म्हणाले, "अजून कच्चा आहे. पिकू द्यावा लागेल. महिन्या-महिन्याला दाखवत जा." मोतीबिंदू आंब्यासारखा पिकावा लागतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तो पिकायला अडीच वर्षं लागली. तितकी वर्षं आम्ही दर महिन्याला इंदुरीहून बैलगाडीने तळेगावला आणि तिथून रेल्वेने लोणावळ्याला जात होतो.

पहाटे स्नान-संध्या करून निघायचं आणि दिवेलागणीला परतायचं. पाणी घरचं, फिरकीच्या तांब्यात. खायला दशमी. दशमीचं पीठ दुधात भिजवतात, पाण्यात नाही, म्हणून तिला विटाळ नाही आणि ती प्रवासाला चालते, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं. पण आप्पांचे दात पडलेले. कामशेत येईपर्यंत दशमीचं वातड चामडं व्हायचं. दोन घास चघळायचे आणि पंच्यात गुंडाळून ठेवायचे. मग दिवसभर कडकडीत उपास.

आता आप्पांची एक गंमत. त्यांना कॉफी जीव की प्राण होती. चहाला ते कधी शिवले नाहीत, तंबाखूचं नाव नाही, पण कॉफीचा वास आला की डोळे मिटायचे. या एका व्यसनापायी त्यांनी शास्त्र कामाला लावलं. म्हणाले, "दुधात भिजवलेलं पीठ चालतं, मग दुधात उकळलेल्या कॉफीने काय घोडं मारलंय? पाण्याचा थेंब नसला म्हणजे झालं." निवाडा देणारे तेच आणि कॉफी पिणारेही तेच, मग अडणार कुठे. फक्त एक अट होती. कॉफी निव्वळ दुधाची आहे याला साक्षीदार हवा, आणि त्यांना दिसत नव्हतं. म्हणून साक्षीदार मी.

दुकान आलं की आप्पा बाकावर टेकायचे आणि मला म्हणायचे, "चुलीपाशी उभी राहा. पातेलं ठेवल्यापासून गाळेपर्यंत नजर काढू नकोस." मी उभी राहायची. बहुतेक ठिकाणी दुकानदार माझ्यादेखत अर्धं पातेलं पाणी ओतायचा आणि मी तशीच मागे फिरायची. एक-दोघांनी माझी टिंगल केली. एकाने तर विचारलं, "बाई, तपासनीस आहात की काय?" मी म्हटलं, "हो, आणि तुमचं दुकान नापास." तेव्हा जीभ अशीच होती. आजही आहे.

असं हिंडता-हिंडता काकूंचं दुकान सापडलं. दुकान कसलं, घराची पुढची खोली. दोन बाकं, एक खिडकी, आणि मधल्या भिंतीपलीकडे चूल. त्या चुलीमुळे भिंत सदा गरम. आप्पा त्या भिंतीला पाठ लावून बसायचे आणि लोणावळ्याच्या त्या ओल्या गारठ्यात त्यांचे खांदे हळूहळू सैल व्हायचे. काका कोकणातले, आमच्यातलेच. गोत्र, गाव, आजोळ सगळी चौकशी आप्पांनी पहिल्याच दिवशी उरकून घेतली होती. काका त्यांना मोठ्याने वर्तमानपत्र वाचून दाखवायचे आणि मधूनमधून सरकारला आपलं मत ऐकवायचे. काकू आत पितळी पातेल्यात दूध तापवायच्या, त्यात घरी कुटलेली पूड, साखर, वेलदोडा, आणि वरून जायफळ उगाळून. फडक्याने गाळून माझ्या हातातल्या आमच्या फुलपात्रात वरून धार धरायच्या. काकूंनी कधी पाण्याचा थेंब घातला नाही. बाहेर पाटीच लावली होती तशी, आणि ती पाटी खरी होती.

मी फुलपात्र आप्पांच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "पाण्याचा थेंब नाही, आप्पा." ते ऐकल्याशिवाय ते ओठ लावायचे नाहीत. मग दशमी त्यात बुडवून, भिजवून, निवांत खायचे. अडीच वर्षांत मी आप्पांना इतकं सुखाने जेवताना दुसरीकडे कुठेच बघितलं नाही. इंदुरीला तर मुळीच नाही.

पहिल्या वर्षाच्या अखेरीला एकदा काकू माहेरी गेल्या होत्या, दुकान बंद. आप्पांनी दिवसभर काही घेतलं नाही. आमच्या तांब्यातलं पाणीही वाटेत संपलं. संध्याकाळी तळेगावच्या फलाटावर उतरलो आणि त्यांना भोवळ आली. बाकाच्या कडेवर कपाळ आपटलं. माणसं जमली, कोणीतरी स्टेशनावरच्या हिंदू पाण्याच्या घागरीतून पेला भरून आणला. आप्पांना धड शुद्ध नव्हती, पण पेला ओठाला लागताच त्यांनी दात-ओठ असे घट्ट मिटले की माझ्याने उघडेनात. मी रडले, शिव्या दिल्या, हात जोडले. उपयोग नाही. मूर्च्छेतही माणूस धर्म विसरत नाही, हे मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं आणि मला त्याची भीती बसली.

त्याच्या पुढच्याच महिन्यात ते झालं.

आम्ही जरा लवकर पोचलो होतो. काकूंची चूल पेटत होती. आप्पा भिंतीशी बसले आणि मी फुलपात्र विसळायला मागच्या दाराने बाहेर गेले. मागे आळी संपते आणि ओढा लागतो. ओढ्यावर काकूंकडे दूध घालणारी, कुरवंडे गावची मावशी वाकली होती. डोक्यावरची दुधाची कासंडी काठावर ठेवून ती ओंजळीने झऱ्याचं पाणी त्यात घालत होती. एक, दोन, तीन. मोजून, शांतपणे, रोजचं काम असल्यासारखं.

माझी चाहूल लागली तशी तिने वर बघितलं. घाबरली वगैरे मुळीच नाही.

"काय गं भटाची ल्येक, आशी का बगतीस?"

"मावशी, हे काय करताय तुम्ही?"

"काय करतीया? दूध पुरं करतीया. म्हस आटलीया, गिऱ्हाईक हाय तेवढंच हाय. पान्याबिगर दूध कुटं आसतंय का, पोरी?"

"अहो, आमचे आप्पा ते पितात. त्यांना पाणी चालत नाही."

"ठावं हाय मला. काकूंनी सांगितलंय. भटजीबाबा लय भला मानूस." तिने पदराने हात पुसले. "तू नगं सांगूस त्यास्नी. झऱ्याचं पानी हाय, दुसऱ्या कुनाचा हात न्हाई लागला. माजा लागला तेवढाच."

आणि कासंडी डोक्यावर घेऊन ती काकूंच्या मागच्या दारात गेली.

मला तिचा राग आला असता तर बरं झालं असतं. पण ती खोटं काय बोलली? सगळ्या मावळात असा एक गवळी दाखवा जो दुधात पाणी घालत नाही. लहान पोरं त्यावर विनोद करतात. हे मला ठाऊक नव्हतं का? आप्पांना ठाऊक नव्हतं का? सगळ्यांना ठाऊक असतं, पण दशमी भिजवताना ते कोणी मनात आणत नाही. पीठ दुधात भिजवलं म्हणायचं आणि गाडीत बसायचं. आमच्या सगळ्या सोवळ्याचा पाया त्या मावशीच्या ओंजळीत होता.

मी आत आले. काकूंनी दूध गाळून पातेल्यात ओतलं. मी नेहमीच्या जागी उभी राहिले. फुलपात्र भरलं. ते घेऊन मी आप्पांसमोर आले, आणि त्यांनी मान वर केली. उत्तर ऐकायला.

सांगितलं तर आजपासून हे दुकान बंद. मग दर महिन्याला उपाशी, आणि कधीतरी एखाद्या फलाटावर मिटलेल्या ओठांनी माझ्या हातात मरणार. नाही सांगितलं तर ज्याने माझ्या केसांसाठी गाव अंगावर घेतलं, त्याचं व्रत मी माझ्या तोंडाने मोडणार. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ती हीच.

"पाण्याचा थेंब नाही, आप्पा," मी म्हटलं.

ते प्यायले. पुढे दीड वर्ष पीत राहिले. दर महिन्याला मी ते वाक्य म्हटलं. पहिले काही महिने म्हणताना जीभ जड व्हायची. मग सवय झाली. माणसाला कशाची सवय होत नाही? कधीकधी तर मला वाटायचं, काकूंनी घातलं नाही म्हणजे मी खोटं कुठे बोलते. असले वकिली मुद्दे काढायला मी आप्पांकडूनच शिकले होते.

शेवटी मार्गशीर्षात डॉक्टर म्हणाले, "पिकला." डोळा कापला. कापताना आप्पांनी हूं की चूं केलं नाही, विष्णुसहस्रनाम पुटपुटत राहिले. त्या वेळची पद्धत अशी होती की दोन्ही डोळ्यांना पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि आठ दिवस मान हलवायची नाही. चावायचं नाही, खोकायचं नाही, शिंकायचं नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं, "टाका नाही घातलेला. आतून जोर आला तर जखम उघडेल आणि डोळा वाहून जाईल. पातळ पदार्थ द्या. आणि यांना हलू देऊ नका." त्यांनी सगळं नीट, दोनदा समजावून सांगितलं होतं. त्यांच्याकडे बोट दाखवायला जागा नाही.

पडवीत चूल पेटवायची परवानगी नव्हती, धुराने डोळ्यांना त्रास होतो म्हणून. पाणी मी स्वतः ओलेत्याने जाऊन काकूंच्या विहिरीवरून आणायची. आणि सकाळ-संध्याकाळ काकूंकडची कॉफी. चमच्याने पाजायची. आधी ते वाक्य, मग चमचा. तीन दिवस छान गेले. डॉक्टर रोज म्हणायचे, "उत्तम आहे." आप्पा पट्टीखालून हसायचे आणि मला म्हणायचे, "संक्रांतीचं पंचांग मी वाचणार हो. तू बाजूला बसायचं."

चौथ्या दिवशी सकाळी मी कॉफी घेऊन आले तेव्हा शेजारच्या खाटेवरचे रेल्वेतले एक पेन्शनर आपल्या बायकोवर खेकसत होते. तिने त्यांना दूध आणलं होतं. "हे दूध? लोणावळ्यात दूध मिळतच नाही. डोंगरातून निघतं तेव्हा दूध असतं, ओढा ओलांडला की पाणी. सगळ्या गावाला माहीत आहे."

मी आप्पांच्या उशाशी बसले. चमचा भरला. आप्पांनी तोंड उघडलं नाही.

"काय म्हणतात ते?" त्यांनी विचारलं.

"त्यांची सवयच आहे कुरकुर करायची. घ्या."

"आपल्या कॉफीत?"

"पाण्याचा थेंब नाही, आप्पा."

त्यांनी ओठ जरासे विलग केले. मला वाटलं, झालं. मग ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "माझ्या डोळ्याची शपथ घेऊन सांग."

आता हे आजच्या पोरींना कसं समजावू. त्या दिवसाला दहा शपथा घेतात, आईची म्हणू नका, देवाची म्हणू नका. आमच्याकडे शपथ म्हणजे खेळ नव्हता. ज्याची खोटी शपथ घ्यावी त्यालाच ती बाधते, ही आमची समजूत हाडात मुरलेली. आमच्या आत्याने लहानपणी वासराची खोटी शपथ घेतली होती आणि आठ दिवसांत वासरू दगावलं, हे आम्ही तिच्याच तोंडून शंभरदा ऐकलेलं. आणि इथे माझ्यासमोर तो डोळा होता. चार दिवसांपूर्वी कापलेला, पट्टीखाली ओला, एकुलता एक. त्याची खोटी शपथ मी घ्यायची?

दीड वर्ष खोटं बोलताना मी देवाला भ्यायले नाही. त्या क्षणी भ्यायले. मला वाटलं, आता खोटं बोलले तर डोळा जाईल. माझ्या तोंडाने जाईल. देवाशपथ सांगते, त्यांचं व्रत वाचवायला नाही, मी त्यांचा डोळा वाचवायला खरं बोलले.

"काकू नाही घालत," मी म्हटलं. "दूध घालणारी मावशी घालते. ओढ्याचं. मी बघितलं आहे."

"कधी?"

"दीड वर्ष झालं."

ते रागावले नाहीत. हात पांघरुणावर होता तो तिथेच राहिला. मला वाटलं, पचलं. आणि मग त्यांचा गळा हलला. एकदा, दोनदा. मला कळायच्या आत त्यांच्या पोटातून उमाळा आला.

त्यांनी मुद्दाम केलं नाही. हे मी आयुष्यभर सगळ्यांना सांगत आले आहे आणि इथेही सांगते. घशात बोट घातलं नाही, काही नाही. त्यांनी उलट ते दाबायचा प्रयत्न केला, दात-ओठ घट्ट मिटले, तळेगावला मिटले होते तसे. पण अंगानेच ऐकलं नाही. साठ वर्षं ज्या अंगाला एकच गोष्ट शिकवली, ते अंग आता मालकाचंही ऐकेना. मी फुलपात्र टाकलं आणि दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरलं, वाळूच्या पिशव्यांसकट दाबून धरलं. कंपाउंडर धावत आला, त्याने खांदे धरले. डोकं आम्ही हलू दिलं नाही. पण पोटाला कोण धरणार? चार वेळा उलटी झाली. चौथ्या वेळी त्यांनी एकच शब्द काढला, "गेलं." पट्टीच्या खालच्या कडेने पाणी आलं, आणि ते अश्रू नव्हते.

डॉक्टर दुपारी आले. पट्टी सोडली, बॅटरी धरून बघितलं, आणि बराच वेळ वाकून बघतच राहिले. मग पट्टी परत बांधली, पहिल्यासारखीच नीट बांधली, आता तिचा उपयोग नव्हता तरी. माझ्याकडे वळले.

"उलटी कशाने झाली? काय दिलंत यांना?"

एरवी दहा माणसांना पुरून उरणारी माझी जीभ टाळ्याला चिकटली.

"खोकला आला," खाटेवरून आप्पा म्हणाले. "खोकला आला आणि त्यात ढवळलं. दिलं नेहमीचंच होतं. हिचा काही दोष नाही."

माझ्या आठवणीत आप्पा तेवढं एकदाच खोटं बोलले.

तो दिवस आणि ती रात्र त्यांनी काहीच घेतलं नाही, विहिरीचं पाणीही नाही. मी पायाशी बसून होते. पाय चेपत होते, त्यांना नको असताना. क्षमा मागावी तर कशाची मागू? खोटं बोलल्याची की खरं बोलल्याची? दोन्हीपैकी एक गुन्हा असता तर नाक घासलं असतं. आजही मला कोणी सांगत नाही की मी नेमकं केव्हा चुकले.

सकाळी डॉक्टरांनी मान हलवायला मोकळीक दिली. आता हलवून जाणार काय होतं? आप्पा उशीला टेकून बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "कॉफी आण गं. पोटात काही नाही."

मला आधी कळलंच नाही. मग विचारलं, "कुठली आणू?"

"कुठलीही."

"काकूंकडची आता..."

"कुठलीही आण. जवळ असेल ती आण. लांब जाऊ नकोस."

रागाने नव्हतं, टोमणा नव्हता. दमलेला माणूस बोलतो तसं बोलले. रागावले असते तर मी पाय धरले असते.

मी फुलपात्र घेऊन बाहेर पडले. बाजार उघडत होता. अडीच वर्षं ज्या-ज्या दारातून मी मागे फिरले होते ती सगळी दारं आता मला उघडी होती. अर्धं पातेलं पाणी ओतणारा तो होता, माझी टिंगल करणारा तो होता. एकानेही आज मला काही विचारलं नसतं. काकूंच्या आळीच्या तोंडाशी मी क्षणभर उभी राहिले आणि वळले. त्यांना काय सांगणार होते? त्यांची पाटी खरी होती.

कोपऱ्यावर इराणी होता. मी पायऱ्या चढले. आयुष्यात पहिल्यांदा. पडद्याआड जा म्हणून कोणीतरी खुणावलं, मी नुसतं फुलपात्र पुढे केलं. त्याने मोठ्या किटलीतून कॉफी ओतली. काळसर, पातळ, पाण्यातली. मला चुलीकडे बघायची गरज नव्हती तरी मी बघितलं. सवय.

परत येताना वाटेत मी उत्तर ठरवलं. या वेळी खरं सांगायचं. ते विचारतील, आणि मी म्हणेन, ही पाण्यातली आहे, आप्पा, इराण्याकडची आहे. मग प्यायची की नाही ते त्यांचं ते ठरवतील. एवढं तरी मी त्यांना परत देईन, असं मनात घोकत आले.

मी फुलपात्र त्यांच्या हातात दिलं आणि थांबले. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं. गरम आहे का ते बोटाने चाचपलं. मी समोर उभी होते, उत्तर जिभेवर घेऊन. त्यांनी मान वर केलीच नाही. फुलपात्र तोंडाला लावलं, सावकाश सगळं संपवलं, आणि मिशा पुसायला पंचा मागितला.